मानाची फेरी

यंदा हिप्परग्याचं तळं पुन्हा आटलंय. मला कुणी सांगितलं नाही, मी धुळीवरून ओळखलं. रविवारी सकाळी पुतण्याची मुलं मोटारसायकली घेऊन निघाली ती दुपारी गुडघ्यापर्यंत राखेच्या रंगाची होऊन परतली. रस्त्याची धूळ झटकली की जाते. तळ्याच्या गाळाची धूळ मैद्यासारखी मऊ असते, कपड्याला चिकटून बसते आणि तिला वाळलेल्या शेवाळाचा वास येतो. "आजी, काय मैदान झालंय तिथं! नुसतं सपाट. कितीही पळवा!" थोरला म्हणाला. मी त्याला म्हटलं, पळवा बाबांनो, पण हातपाय धुतल्याशिवाय पलंगावर बसू नका. मग तो अंगणात गाडी पुसत बसला आणि पुसता पुसता तिच्या कानाखाली वाजवल्यासारखा उगाच मोठ्यानं आवाज काढत राहिला. थंड इंजिन असं गुरगुरवलेलं मला अजून सोसवत नाही. आतून ओरडून सांगितलं, "अरे, तिला आधी जागी तरी होऊ दे!" पोरं हसली. आजीला मोटारीतलं काय कळतं, असं त्यांना वाटलं असणार, आणि त्यांची काही चूक नाही.

मला त्या एका उन्हाळ्याची आठवण नको असते. ती मात्र तळं आटलं की न बोलावता येते आणि पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते.

त्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. संक्रांतीपासूनच पाणी मागे सरू लागलं. पाणी जसं हटत गेलं तशी काठच्या गावांतली माणसं ओल्या गाळात काकडीचे आणि कलिंगडाचे वेल लावत पुढे सरकत गेली. त्यांच्या मागे उरलेला गाळ उन्हानं कडक झाला. होळीपर्यंत तिथं इतकं मोठं आणि सपाट मैदान उघडं पडलं की उन्हात त्याच्याकडे पाहवत नसे. बाकीच्या सोलापुरानं ते मैदान पाहून कपाळाला हात लावला. बाबूरावांनी ते पाहिलं आणि त्यांना शर्यत सुचली.

बाबूराव म्हणजे आमच्या ओळखीतले जिनिंग फॅक्टरीवाले. वय तिशीच्या आतलं, पैसा वडिलांचा, हसणं मात्र स्वतःचं आणि फार मोकळं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतक्या वर्षांत त्याचा नीट राग तरी करता आला असता. गावात तेव्हा हौसेच्या उघड्या मोटारी असतील चार-सहा. कुणी गिरणीतल्या परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेली, कुणी मुंबईहून मागवलेली. मोटार दारात उभी करायला सगळ्यांना आवडायचं, चालवायला शोफर असायचा. आता मालकांनीच हाती चाक घ्यायचं, दर रविवारी तळ्यात उतरायचं आणि निशाणं रोवून गोल फेऱ्या मारायच्या, असं ठरलं. बैल जुंपून, फळी फिरवून मार्ग साफ केला. एका कडेला मांडव घातला. रविवारी गिरणीचा भोंगा नसे, त्यामुळे त्या मोटारींची घरघर पार तुळजापूरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायची.

आमची हिरवी होती. दोन माणसांची, लांब नाकाची, पुढे दोन मोठे दिवे असलेली. ह्यांनी ती एका गिरणीच्या इंजिनियर साहेबाकडून घेतली होती. साहेब विलायतेला निघताना तिच्या चाव्या देईना, नुसतं हिला असं करू नका, हिला तसं करू नका हेच सांगत बसला, असं हे नेहमी सांगायचे. हे वकील. सांगोल्याकडच्या खिलार बैल पाळणाऱ्या घरातले पहिले शिकलेले. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पोरगा कोर्टात काय करतो हे कधी समजलं नाही, पण त्यानं मोटार घेतली हे मात्र लगेच समजलं. पहिल्यांदा आले तेव्हा गाडीभोवती हिंडून, वाकून, चाकांना हात लावून म्हणाले, "जनावर झ्याक हाय. पन ह्याला दात बघायची सोय न्हाय की वकील!" ते पोराला वकीलच म्हणत.

दात होते, पण आत. ते पुढं कळलं.

गाडी घेतल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेना, मग कागदावरचं. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासून, खांद्यावर हात ठेवून, आहे तेवढं उजेडाचं सुख सांभाळा म्हणून सांगितलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे ह्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "चल. तुला गाडी शिकवतो." मी तोंडावर पदर घेतला. बायकांनी मोटार चालवायची म्हणजे काय थट्टा! "अगं, मला दिसेनासं होणार. तुझ्या डोळ्यांनी चालेल की ती. मी शेजारी बसून ऐकेन."

आणि मग होटगीच्या रस्त्याला, माणसं जागी व्हायच्या आत, आमचं ते शिक्षण चाललं. माझ्या उभ्या आयुष्यातला आनंद कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी त्या रस्त्याकडे बोट करीन. जुन्या गाड्यांचे गिअर आतासारखे गरीब नव्हते. बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मधे इंजिनाला किंचित दम द्यायचा आणि तिचा आवाज योग्य पट्टीला आला की दांडा आपणहून आत जायचा. आधी ढकलला तर खर्रर्र. उशिरा ढकलला तरी खर्रर्र. हे माझ्यावर इतके ओरडायचे की रस्त्याकडेची पाखरं उडायची. "घाई!" "आता उशीर!" "अगं, तुझं मनगट बोलतंय, तू तिचं ऐक की!" "भाकरी उलटतेस तशी उलटू नकोस, ती आपोआप सुटली पाहिजे!" भाकरीचा दाखला दिला तेव्हा मला ते जमलं. जमलं तेव्हा हे काहीच बोलले नाहीत. नुसती मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले. हेच त्यांचं शाबास. घरात ह्यांनी मला तोंडावर कधी छान म्हटलं नाही. कढी पातळ झाली, सही वाकडी आली, वर्तमानपत्र वाचून दाखवताना शब्द चुकला, लगेच टोकायचे. मीही उलट बोलायची. आमचं प्रेम हे असं भांडखोर होतं आणि मला ते गोड वाटायचं. गोड बोलणं त्यांनी बाहेरच्यांसाठी राखून ठेवलं होतं. पक्षकारांशी, पाहुण्यांशी, व्याह्यांशी.

तर शर्यती ठरल्या तेव्हा बाबूराव घरी आले. सुरुवात कशी करावी, काहीतरी आपल्याकडचं, शोभेसं हवं, तुम्ही सांगा वकीलसाहेब, असं म्हणाले. तोवर ह्यांना फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. कोर्टातली कामं तुटत चालली होती. कुणीतरी काहीतरी विचारायला आलंय याचंच त्यांना इतकं बरं वाटलं की ते खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी आपल्या गावची रीत सांगितली. सांगोल्याकडे जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मालक आपल्या जोडीचा कासरा एका मानकऱ्याच्या हाती देतो. मानकऱ्यानं एक फेरी मारायची. ती मानाची फेरी. फेरी झाली की मालक त्याला विडा देतो आणि म्हणतो, "जनावरानं हात ओळखला." मानकरी वाटेत तोंडावर पडलेला असला तरी हेच म्हणायचं. मान म्हणजे मान.

बाबूरावांना ते फार आवडलं. माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. नाही आलं. ह्यांच्याही नाही. वास्तविक ह्यांचं सगळं लहानपण बैलांत गेलेलं. खिलार बैल परक्याच्या हाताला भीक घालत नाही. कासरा ओढला तर थांबतो, चाबूक मारला तर वळून बघतो, फारच झालं तर गाडी घेऊन बांधावर चढतो. मानकऱ्याची फजिती होते, बैलाला काही होत नाही. मोटारीला ती अक्कल नाही. ती कुणाचंही ऐकते. अडाण्यानं सांगितलं तर मरेपर्यंत ऐकते. एवढा फरक आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नाही आणि तोवर रीत पडून गेली होती.

आमची हिरवी शर्यतीत धावत नसे, नुसती मानाच्या फेरीपुरती असायची; पहिल्या रविवारी तिचा मान एका इनामदारांना दिला. पागोटं, सोन्याची साखळी, मिशीला तूप. त्यांनी आजवर घोडा आणि माणसं एवढंच हाकलं होतं. चाक हाती आल्यावर त्यांनी हातब्रेक न सोडताच पायाला जोर दिला. गाडी रडकी होऊन, मागून जळका वास सोडत, तशीच फरफटत निघाली. मी मांडवात विड्यांचं तबक घेऊन उभी होते. बायकांना तेवढं काम दिलं होतं. शेजारी खुर्चीत हे. वळणापाशी इनामदारांनी दांडा ओढला. तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही. पाट्यावरून लोखंडी पहार ओढली तर अंगावर येतो तसा. ह्यांचा हात खुर्चीच्या हातावर होता, तो मुठीसारखा झाला. फेरी झाली. इनामदार घाम पुसत उतरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे उठले, आवाजाच्या रोखानं वळले, माझ्या तबकातला विडा चाचपून घेतला आणि हसून म्हणाले, "गाडीनं हात ओळखला तुमचा. छान चालवलीत."

मग दर रविवारी कुणी ना कुणी. एका बड्या कंत्राटदारानं पूर्ण फेरीभर क्लचवरचा पाय काढलाच नाही, पाय ठेवायला दिलेली ती फळी आहे असं त्यांना वाटलं असावं. निवृत्त मामलेदारांनी ऐन वळणावर, भर वेगात ब्रेक दाबला आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरून काकडीच्या वेलांत घुसली. ते वेल ज्या बाईचे होते ती मल्लव्वा कमरेवर हात ठेवून मोडलेल्या वेलांकडे बघत होती. तिला नुकसानीचं विचारायला मी गेले तर म्हणाली, "माझं र्‍हाऊ द्या वैनी, दोन दिसांत फुटवा येतोय. तुमची गाडी लई रडाय लागलीय की. तिला कुनी पानी तरी पाजा." पाणीही पाजलं पुढच्या खेपेला. एका सावकारांनी तिला उकळेपर्यंत पळवली, नाकातून वाफ निघायला लागली, तेव्हा त्यांच्याच माणसानं भलेपणानं धावत जाऊन तळ्यात उरलेलं गार पाणी बादलीनं ओतलं. टण्ण असा आवाज आला. "काय झालं?" ह्यांनी विचारलं. "पाणी घातलं," मी म्हटलं. "गार?" मी तबकातले विडे सारखे करू लागले. ते खाली बसले, मग लगेच उठले, कारण सावकार विड्यासाठी येत होते. "गाडीनं हात ओळखला. छान चालवलीत." तेव्हापासून ती पांढरा धूर टाकू लागली.

बाकीच्यांच्या मोटारींचंही हेच चाललं होतं, पण त्यांना ते ऐकू येत नव्हतं. बाबूरावांची लाल गाडी ठोकरली तेव्हा ते पोट धरून हसले. हौसेला मोल नाही, म्हणाले. मोटार त्यांच्यासाठी दिसायची वस्तू होती. ह्यांना मात्र ती आता फक्त ऐकू येत होती. तिचा हिरवा रंग गेला, दिवे गेले, लांब नाक गेलं. उरला होता तो आवाज, आणि तो रविवारच्या रविवारी थोडा थोडा मारला जात होता.

एकदा दुसऱ्यांच्या मोटारीतून परतताना मागे बसलेल्या दोघींतली एक हळूच म्हणाली, "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय." माझ्या तोंडी ही म्हण दिवसातून दहादा यायची. त्या दिवसानंतर मी ती उच्चारली नाही, ती आज लिहिली एवढंच.

घरी मी भांडले. "पुरे झालं. उद्या निरोप पाठवते, आमची गाडी येणार नाही." ह्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि शेंगाच्या चटणीवर बोटं तशीच ठेवली. म्हणाले, "दिलेला मान काढून घेता येत नाही." मी म्हटलं, मान गेला खड्ड्यात. मग माझ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून बोलले. "गाडी आहे तोवर मला न्यायला माणसं येतात. गाडी नाही म्हटलं की आंधळ्या वकिलाला तळ्यावर कोण कशाला नेईल?" ज्या माणसाला कोर्टाच्या चार पायऱ्या चढवून न्यायला कुणी उरलं नव्हतं, त्याला रविवारी तरी चार हात पुढे यायचे. त्या हातांसाठी हे आपली जिवाभावाची वस्तू दर खेपेला थोडी थोडी मोडू देत होते. माणसं एकटेपणाला केवढं भितात हे मला त्या संध्याकाळी, ताटावर बसल्या बसल्या, कळलं आणि भीती वाटली.

चैत्रात मिस्त्री आला. त्यानं खालून गिअरच्या पेटीतलं तेल काढलं आणि ओंजळीत धरून उन्हात नेलं. काळ्या तेलात गिअरच्या दातेरी चाकांची झिजलेली कणी चांदीसारखी चमकत होती. ह्यांनी त्यातलं थोडं बोटांवर घेतलं, अंगठ्यानं चोळलं. भाकरीच्या पिठात कच लागली का बघावी तसं कितीतरी वेळ चोळत राहिले. "दात," म्हणाले. मग बोटं पुसायलाही विसरले, धोतराला तो डाग उन्हाळाभर राहिला.

त्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "आता फार दिवस नाहीत तिचे. पाणी आलं की शर्यती बंद. त्याच्या आत मला एकदा ती नीट पळताना ऐकायची आहे. एकदाच. होटगीच्या रस्त्यावर पळायची तशी. तू चालव." मी म्हटलं, मग चला की उद्या पहाटे होटगीला. तर नाही म्हणाले. तिथं रस्ता फुटलाय, खड्ड्यांत आवाज कळत नाही. तळ्यातच, त्या सपाटीवर, मोकळी सोडलेली ऐकायची. गाडीही आता तिथंच, मांडवामागे झाकून ठेवलेली असायची, दर वेळी न्यायला-आणायला नको म्हणून. किल्ली बाबूरावांकडे, आणि ती ते रविवारीच, फेरीपुरती काढत.

मी बाबूरावांना विचारलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, तुमचीच गाडी. पण या रविवारी अमक्यांना शब्द दिलाय. पुढच्या रविवारी नक्की." पुढच्या रविवारी दुसरे अमके. "वहिनी, आता त्यांना नाही म्हटलं तर बरं दिसेल का? तुम्हीच सांगा." हे तुम्हीच सांगा फार वाईट. मला सांगता येत नसे. आणि दर रविवारी मी तबक घेऊन उभी राहायची, कानात बोटं घालावीशी वाटायची आणि ह्यांच्या बाजूला उभं राहून ती घालता येत नसत. त्यांनी एकदाही घातली नाहीत. खर्रर्र झालं की त्यांच्या गालाची शीर हलायची, बस्स. माझ्या मनात दर वेळी एकच हिशेब चाले. आज गेलं त्यातून तिच्यात अजून उरलंय का? अजून एक चांगली फेरी उरली असेल का? देवापाशी माणसं आयुष्य मागतात, मी त्या वैशाखात एका लोखंडी पेटीतल्या दातांसाठी मागणं मागत होते.

शेवटच्या रविवारी मामंजी सांगोल्याहून आले. नैऋत्येला ढग जमू लागले होते, पुढच्या आठवड्यात तळ्यात उतरता येईल की नाही याची खात्री नव्हती. म्हातारा खिलारवाला आलाय म्हटल्यावर बाबूरावांनी त्यांनाच मानकरी केलं. मांडवात एकच गलका झाला. मामंजी काठी टेकत गाडीजवळ गेले, तिच्या नाकावर हात ठेवला आणि थांबले. गाडी चालू होती आणि धापा टाकत होती. त्यांनी आयुष्यभर जनावरांच्या बरगड्यांना कान लावला होता. तोंडावरचं हसू गेलं. "हिला काय केलंसा रं तुमी?" म्हणाले. "बैल आसता तर एकेकाला शिंगावर घेतला आसता ह्यानं." मग मागे वळले. "मान माजा हाय न्हवं? व्हय का न्हाय? मग मी तो माज्या सुनंला देतो. ये सूनबाई. बस हितं."

लोक हसले. इनामदार मोठ्यानं हसले. बाबूरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मामंजींच्या पांढऱ्या मिशांपुढे त्यांचं काही चालेना. मी तबक खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलं. पदर खोचला. ह्यांच्या जवळून जाताना त्यांनी माझा हात धरला, घट्ट. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड मी डोळे गेल्यापासून पाहिला नव्हता. "घाई नको," म्हणाले. "मांडवापुढून जाशील तेव्हा तिसऱ्यात टाक. मी ऐकतोय."

मी बसले. चाक हाताला सैल लागलं. क्लच पार खाली जाऊन मग धरत होता, तेही अर्धवट. पण ह्यांनी शिकवल्याप्रमाणे मी सगळं केलं. हातब्रेक सोडला. तिला दम दिला. पहिल्यातून दुसऱ्यात गेले, थोडं कुरकुरली, पण गेली. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर पडला आणि मी तो पडू दिला. पलीकडच्या वळणावर मल्लव्वा वेलांत उभी होती, तिनं हात हलवला. क्षणभर खरंच वाटलं की आपण होटगीच्या रस्त्याला आहोत, पहाट आहे, शेजारी हे डोळे मिटून बसले आहेत. मांडव जवळ आला. मी क्लच दाबला, सोडला, मधे दम दिला, आवाज वर चढताना ऐकला, पट्टी जुळली. आयुष्यात इतकी नीट पट्टी मी कधी जुळवली नव्हती. पुन्हा क्लच दाबला आणि भाकरी आपोआप सुटावी तसा हलक्या हातानं दांडा पुढे नेला.

ती ओरडली. इनामदारांच्या हाती ओरडली होती त्याहून मोठ्यानं. बरोबर केलं तरी ओरडली, कारण आत धरायला काही उरलंच नव्हतं. दांडा माझ्या हातात थडथड उडत राहिला आणि मांडवापुढून, सगळ्यांच्या समोरून, ह्यांच्या अगदी कानाजवळून, मी तो आवाज घेऊन गेले. पुढे गाडी नुसत्या जोरावर थोडी घरंगळली आणि थांबली. मी उतरले. पायी परत आले. टाळ्या वाजत होत्या. बाई माणूस असूनही फेरी मारली म्हणून.

मला ह्यांच्या तोंडून शिव्या हव्या होत्या. "उशीर केलास!" म्हणावं. "मनगट!" म्हणावं. मी सांगितलं असतं, नाही हो, उशीर नाही केला, पट्टी जुळली होती, देवाशपथ जुळली होती. आम्ही तिथंच, सगळ्यांसमोर भांडलो असतो. मी तोंड उघडणार तोच हे खुर्चीतून उठले. माझ्या पावलांच्या रोखानं वळले. स्टुलावरचं तबक चाचपलं, विडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. तेच हसू, जे इनामदारांसाठी होतं.

"गाडीनं हात ओळखला तुमचा," म्हणाले. "छान चालवलीत."

मला. तुमचा म्हणाले, मला. मामंजींनी तोंड फिरवून तळ्याकडे केलं. मी विडा घेतला. दिलेला विडा घ्यावाच लागतो.

त्या आठवड्यात पाऊस आला आणि निशाणांसकट सगळं मैदान पाण्याखाली गेलं. हिरवी त्याआधी बैलांनी ओढत घरी आणून परसातल्या पत्र्याखाली उभी केली. तिच्या गादीत पुढे कोंबड्यांनी अंडी घातली. बाबूराव दोन-तीनदा भेटायला आले, मग कमी झाले, मग लांबूनच हात करू लागले. हे सगळं अपेक्षितच होतं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. एक अवघड शब्द आला आणि मी तो नेहमीसारखा चुकवला. थांबले. हे काही बोलले नाहीत. मी पुन्हा, मुद्दाम आणखी वाईट वाचला. "छान वाचतेस," म्हणाले. आणि ते कायमचं तसंच राहिलं. त्यानंतर हे पुष्कळ वर्षं जगले. कढी पातळ झाली तरी छान, भात करपला तरी छान. कुणाला ऐकून वाटावं केवढा सुखाचा संसार, नवरा शब्दानं दुखवत नाही. नात्यातल्या लेकीसुना माझा हेवा करायच्या. मला मात्र रोज वाटायचं की मी या घरात पाहुणी म्हणून आलेय आणि कुणीतरी माझा मान राखतंय.

शेवटच्या आजारपणात एकदा मला राहवलं नाही. सकाळच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चांगलं दोन चमचे. म्हटलं, आता तरी ओरडतील. अगं, जीभ गेली का तुझी, म्हणतील. दारात उभी राहून बघत होते. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून घोटाघोटानं सगळा चहा प्यायला. शेवटी थोडा ठसका लागला. तो आवरला, रिकामा कप माझ्या रोखानं पुढे केला, आणि हसले.

"छान झालाय," म्हणाले.